वाढलेल्या बांगड्यांची म्हैस

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला लेकीकडे डाळ निवडत बसले होते. पलीकडून पुतण्या सुरेश बोलत होता. "काकी, आई गेली. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईस्तोवर..." तासाभराने त्याचा पुन्हा फोन आला. नाक्यावर लावायच्या श्रद्धांजलीच्या फलकावर नावाखाली काय लिहायचं, असं गावातली मुलं विचारत होती. छापणाऱ्याकडे 'धार्मिक, प्रेमळ, मनमिळाऊ' तयारच होतं. मी म्हटलं, "तसलं काही नको. 'काचेची म्हैस करणाऱ्या हिराबाई' एवढंच लिही. अंजूरपासून भिवंडीपर्यंत कुणाला दुसरं काही सांगावं लागायचं नाही." त्याने तसंच लिहिलं. आता दीड महिना झालाय. मुंबई-ठाण्याच्या वाचकांना मात्र ती म्हैस ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून हे लिहायला बसले.

अक्का माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन अंजूरला आले ती सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं. मी शाळामास्तरीण, गावच्याच शाळेत लागलेली. अक्का दुसरीपर्यंत शिकलेली. मोठे दीर भिवंडीत लूमवर शिफ्ट करायचे, भातशेती आणि चार म्हशी अक्काच्या अंगावर. तिला म्हशीचं जे कळायचं ते मी पुढे कुणातही पाहिलं नाही. गोठ्यात शिरली की आधी हात फिरवायची, मग बघायची. "डोले फसवतात गो," म्हणायची, "हात न्हाय फसवत." मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवायचे ती पुस्तकातून. त्यामुळे तिच्या या बोलण्याला मी तेव्हा नुसती मान डोलवायचे.

गावात दूध सोसायटीची नवी इमारत उभी राहिली आणि चेरमनना वाटलं, दारात एक म्हैस हवी. काम लाडक्या मिस्त्रीकडे गेलं. डोंगराकडच्या पाड्यावरचा हा गवंडी, हाताचा चांगला, पण त्याने जन्मात भिंती आणि चौथरेच बांधलेले. सळ्या वाकवून, जाळी गुंडाळून, सिमेंट थापून त्याने खऱ्याएवढी म्हैस उभी केली. काळा रंगही दिला. तो रंग एका पावसाळ्यात उतरला, आणि पाठीवर पांढरे चट्टे, पायांशी ओघळ अशी ती काहीतरी भलतीच दिसायला लागली. रस्त्याने जाणारे विचारायचे, "हे गाढव कुणी बसवलं?" लाडक्या त्या बाजूने यायचाच बंद झाला. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये चेरमननी सांगून टाकलं, उद्घाटन गुढीपाडव्याला आहे, त्याआधी हे फोडून टाका. दूध घालायला आलेली अक्का कॅन घेऊन तिथेच उभी होती.

"चेरमन, ती मना द्या."

"तुला कशाला? दूध काढनार हायेस काय?" सगळे हसले.

"पाडव्याला बगा," अक्का म्हणाली, "न्हाय जमली तर मीच फोडीन."

घरी आल्यावर मी विचारलं, काय करणार आहेस? ती म्हणाली, रंग उतरतो, काच उतरत नाही. एका लग्नाच्या मांडवात तिने काचा लावलेला खांब पाहिला होता, तेवढं तिच्या डोक्यात बसलं होतं. मग खिडक्यांच्या फुटक्या काचा, औषधांच्या बाटल्या, असं काय काय जमा झालं. लाडक्याला ती स्वतः जाऊन घेऊन आली. त्याने छिन्नीने म्हशीच्या अंगावर टाचे मारून दिले, म्हणजे नवं सिमेंट धरून राहील असे बारीक खड्डे. आठ दिवस खपून दोघांनी एक कूस भरली. त्यानंतर पाचव्या दिवशी अक्काने बोटाने टकटक केलं आणि भाकरीएवढा तुकडा खपलीसारखा खाली आला. मग दुसरा, तिसरा... काच सपाट आणि म्हशीचं पोट गोल. काच नुसती कोपऱ्यांवर टेकलेली होती, खाली सगळी पोकळी. लाडक्या म्हणाला, "बाय, सोड आता." अक्का तिथेच ओट्यावर बसून राहिली. रडली नाही, पण त्या दिवशी संध्याकाळचं दूध काढायला पहिल्यांदाच मला पाठवलं.

संक्रांतीच्या आधी आम्ही दोघी भिवंडीच्या बाजारात गेलो. मला बांगड्या भरायच्या होत्या. चुडीवाल्या खाला माझा हात चेपून चेपून बांगड्या चढवत होत्या, आणि अक्काचं लक्ष त्यांच्या पाटाखालच्या डब्याकडे. डब्यात फुटक्या बांगड्यांचे तुकडे. तिने एक उचलला, माझ्या खांद्याच्या गोलाईवर ठेवून पाहिला, मग स्वतःच्या गुडघ्यावर.

"बग गो, ह्यो मुळातच वाकडा हाय. ह्यो बसंल."

"टूटा माल है बहन, क्या करोगी?" खालांनी विचारलं.

"मेरेको म्हस बनानेका हाय."

"भैंस को चूड़ी पहनाओगी?"

"हां. पूरी."

खाला इतक्या हसल्या की माझ्या हातातली एक बांगडी त्यांच्याकडून वाढली. तीही डब्यात गेली. डबा त्यांनी तसाच देऊन टाकला, आणि पुढे दर आठवड्याला आसपासच्या दुकानांतला माल गोळा करून ठेवत राहिल्या.

खरी अडचण घरात उभी राहिली. सासूबाईंनी त्या तुकड्यांनी भरलेलं पोतं पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. भरल्या घरची सून फुटक्या बांगड्या घरात आणते? ज्या दारातून गावाचं दूध जातं त्या दारात हा अपशकुन मांडणार? दोन दिवसांत गल्लीतल्या बायकाही तेच बोलू लागल्या. अक्का शांतपणे म्हणाली, "फुटक्या कशाला बोलता? आपन बांगडी वाढली बोलतो ना? मग वाढू द्या की." कुणाला पटलं नाही. तिने पोतं सोसायटीच्या पडवीत नेऊन ठेवलं आणि काम सुरू केलं.

मग एका दुपारी बारकूबाय आली. हिचा नवरा खाडीत होडी उलटून गेला, त्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. चार बायका तिथे उभ्या होत्या, सासूबाईही होत्या. बारकूबायने कमरेची एक पुरचुंडी काढून सोडली. आत हिरवे तुकडे होते.

"ह्या चालतील का गो हिरा? त्या दिवशीच्या हायेत... टाकवल्या न्हायत."

अक्काने हात साडीला पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. "चालतील काय, बाय. ह्याच पायजेत."

दुभत्या म्हशीच्या पोटाखालून सडांकडे एक जाड शीर जाते, दुधाची शीर. जनावर घेणारा माणूस आधी तीच बघतो. अक्काने बारकूबायचे तुकडे त्या शिरेवर एकापुढे एक लावले. काळ्या पोटावरून हिरवी रेघ सडांपर्यंत गेली. बारकूबाय शेवटचा तुकडा बसेपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या टोपलीत दोन जुन्या काचेच्या पाटल्यांचे तुकडे कुणीतरी ठेवलेले निघाले. सासूबाईंनी त्याबद्दल शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही. अपशकुनाची भाषाही त्यानंतर कुणी केली नाही.

मी मात्र माझं पुस्तकी शहाणपण पाजळलंच. एवढे रंग आहेत, पाठीवर छान वेलबुट्टी काढू या, असं सुचवलं. अक्का मला हाताला धरून तळ्यावर घेऊन गेली. आमच्या म्हशी पाण्यातून वर येत होत्या. "बग, काली हाय का?" मी पाहिलं. ओल्या पाठीवर आभाळाचा निळा होता, खाली गर्द हिरवा, मानेशी जांभळा, ऊन पडलं तिथे तपकिरी. पुढे मुलांना मी खरी चित्रकला शिकवली ती त्या दुपारनंतर. अक्काने मग काळ्याबरोबर हेच सगळे रंग घातले, दुरून काळे दिसतील असे. तुकडे कसे लावायचे तेही गोठ्यातून आलं. म्हशीचे केस ज्या दिशेने बसलेले असतात त्याच दिशेने तुकडे, खांद्यावर भोवऱ्यासारखे, बरगड्यांवर तिरपे, शेपटीकडे लांब. एका वेळी भाकरीएवढंच सिमेंट लावायचं, ते ओलं आहे तोवर तुकडे दाबायचे, मग ओल्या गोणपाटाने पुसायचं. पोरंटोरं हात फिरवणार म्हणून प्रत्येक टोक ती विळ्याला धार लावायच्या दगडावर घासून घ्यायची. दिरांनी लूमवरची पक्कड आणून दिली होती, तिने तुकडे तोडायचे. बोटांना रोज चिंध्या बांधलेल्या असत. लाडक्याला ती फर्मावायची, "मागचं हाड वर काढ... अजून काढ. व्यालेली हाय ती, लठ्ठ न्हाय." आणि लाडक्या काढायचा. त्या बाजूला न फिरकणारा हा माणूस आता दुपारी जेवायलाही उठायचा नाही.

पाडव्याला मुंबईहून जनावरांचे डॉक्टर असलेले मोठे साहेब आले. म्हशीवरचं फडकं काढलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या सोडून लोक पुढे सरकले. साहेब भोवती फिरले, पाठीवरून हात फिरवला, वाकून सड पाहिले, शीर पाहिली आणि म्हणाले, "दुसऱ्या वेताची दिसते. कुणी केली?"

चेरमन लगबगीने म्हणाले, "आमचा लाडक्या मिस्त्री, साहेब."

लाडक्या मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. "न्हाय सायेब. मी केलतं ते गाढव व्हतं. म्हस या बायने केली."

सगळ्या माना वळल्या. अक्काने पदर सावरला. लाजली वगैरे मुळीच नाही. साहेबांकडे बघत म्हणाली, "दुसऱ्याच वेताची हाय. बरोबर वलखली तुमी." जणू साहेबच परीक्षेला बसले होते आणि पास झाले होते. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका अभिमान क्वचित वाटलाय.

पुढे सोसायटी बंद पडली, शेतं गेली, गोडाऊनं आली. पण म्हैस राहिली. तिच्या नावाने रिक्षाचा थांबा झाला. आम्ही दोघी भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षाने येताना अक्का गंभीर चेहऱ्याने सांगायची, "काचेच्या म्हशीला सोड." मी रिक्षावाल्याला, ती म्हैस हिनेच केलीय, असं सांगायला तोंड उघडलं की ती मला चिमटा काढायची.

तेराव्यानंतर मी एकटीच तिकडे गेले. म्हशीच्या मागेच आता गोडाऊनचं फाटक आहे. चाळिशीचा वॉचमन खुर्चीत होता. मी जवळून पाहू लागले आणि थबकले. मानेच्या घडीत, कानामागे, शेपटीच्या मुळाशी नव्या चमकीच्या बांगड्यांचे तुकडे होते, आणि त्यांच्यामधलं सिमेंट जुनं नव्हतं.

"ये किसने किया?"

"अम्मा करती हैं," वॉचमन म्हणाला. "बुज़ुर्ग हैं, गाँव में रहती हैं. महीने में एक बार आती हैं, मैं स्टूल पकड़ता हूँ." मग जरा थांबून म्हणाला, "इस बार आई नहीं. पिछले पैर के पास थोड़ा बाकी है."

घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. ऐंशी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले... ती गेल्याचं मी त्याला सांगितलं. तो उठून उभा राहिला. मग आत गेला आणि स्टूल, सिमेंटचा डबा, एक छोटी पिशवी आणि घासायचा दगड घेऊन आला. पिशवीत घासून ठेवलेले तुकडे होते, एकही टोक बोचत नव्हतं.

मागच्या पायापाशी तळहाताएवढी जागा उघडी होती. मी पदर खोचला, खाली बसले, आणि आधी तिथे हात फिरवला.