मामाच्या कानातली रिकीब

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. मामाला कळलं तर माझी खैर नाही. पण आत्ता नाही लिहिलं तर बुधवार निघून जाईल, म्हणून लिहितेच.

माझा मामा खोके बनवणाऱ्या कारखान्यात मिस्त्री आहे. सव्वीस वर्षं. मशीन कुरकुरायला लागलं की तो लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक मशीनला लावतो आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला. डोळे मिटतो. मग म्हणतो, "डावीकडचं बेअरिंग गेलंय." उघडून बघा, गेलेलंच असतं! कारखान्यात सगळे त्याला डॉक्टर म्हणतात.

घरी मात्र मामीने तीन हाका मारल्या की हा एकदा वळतो. वर म्हणतो, "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस." मामी म्हणते, "मशीनची कुरकुर बरी ऐकू येते, बायकोचीच येत नाही!" आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात जास्त.

मग तो प्रकार झाला. मोठा रोलर बंद होता. दाढीवाले काका, म्हणजे मामाचे जोडीदार, वीस वर्षांचे दोस्त, आत हात घालून अडकलेला पुठ्ठा काढत होते. सगळीकडे शांतता, म्हणून ते साध्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, चालू करू नको हं." मामाने चालू केलं.

बाही आत गेली. ती टर्रकन फाटली म्हणून हात वाचला.

साहेबांनी सांगितलं, सोमवारपर्यंत कानाचा रिपोर्ट आण, नाहीतर मशीनला हात लावायचा नाही. मशीनला हात नाही लावायचा तर मामाने करायचं काय? त्याला दुसरं काही येतच नाही!

दवाखान्यात मी गेले सोबत. तिथे एक छोटी खोली होती, भिंतींना स्पंज, समोर काचेची खिडकी. मामाला आत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेच्या अलीकडे तपासणाऱ्या ताई, त्यांच्या मागे मी.

मामा पटापट दाबत होता. ताई म्हणाल्या, "छान आहे की यांचं."

आणि तेवढ्यात मला दिसलं. मामा ताईंच्या खांद्याकडे बघत होता. आवाज सोडताना त्यांचा खांदा जरासा हलायचा. चालत्या मशीनमध्ये इतकुशी हालचाल टिपणारा माणूस तो, त्याला खांदा म्हणजे काय!

गप्प बसले तर मामाचं काम टिकतं. आणि सोमवारी दाढीवाले काका परत त्याच रोलरमध्ये हात घालतात. त्याने अजून एकदा बटण दाबलं. अजून एकदा.

"ताई, तो तुमच्याकडे बघून दाबतोय!"

ओरडलेच मी. काचेतून मामाला ऐकू गेलं नसणार, पण माझं तोंड दिसलं. त्याने ज्या नजरेने बघितलं ना माझ्याकडे...

ताईंनी त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं बोट दाबतंय, मामाचा अंगठा हलत नाही. आवाज वाढवला. नाही. अजून वाढवला. नाही. मी मनात म्हणतेय, दाब ना मामा, दाब ना.

मग डॉक्टरबाईंकडे. टेबलावर प्लास्टिकचा मोठा कान. त्या म्हणाल्या, "आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या नळीतून येते आणि पडद्यावर आदळते. पडद्यामागे तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब घोडेस्वार पाय अडकवतो त्या कडीसारखी दिसते, पण तांदळाच्या दाण्याहून लहान. ती थरथर आतल्या शंखात ढकलते. शंखात द्रव असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी. त्या हलल्या की नस मेंदूला कळवते."

"हातोडी, ऐरण," मामा त्या प्लास्टिककडे बघत म्हणाला, "म्हणजे कानात पण वर्कशॉपच."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "सव्वीस वर्षं गोंगाटात काम केलंत. त्या पेशी मेल्या असतील तर परत उगवत नाहीत."

मामाने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

ते वाक्य मला मोठ्याने परत बोलावं लागलं. मला. सगळ्या दवाखान्याने ऐकलं.

डॉक्टरबाईंनी दोन दातांचा लोखंडी काटा कोपरावर आपटला आणि मामाच्या कानाजवळ धरला. "येतोय आवाज?"

"नाही."

मग काट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. मामाचे डोळे आपोआप मिटले.

"येतोय." थोडं थांबून, "अजून येतोय. अजून."

"पेशी जाग्या आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रिकीब अडकलीय. तिच्या कडेने हाड वाढलंय. हवेतून आलेला आवाज तिथेच अडतो. डोक्याच्या हाडातून गेलेला मात्र सरळ शंखात पोचतो."

म्हणून स्क्रूड्रायव्हर! हाडातून त्याला सगळं स्वच्छ ऐकू यायचं, म्हणून त्याला वाटायचं आपले कान ठणठणीत, बाकीचेच पुटपुटतात. आणि मशीन चालू असताना सगळेच ओरडतात, त्यामुळे तिथेही कोणाला कळलं नाही.

ऑपरेशन करता येतं. अडकलेली रिकीब काढून तिच्या जागी पिस्टन बसवतात.

"पिस्टन? किती जाड?" मामाचा पहिला प्रश्न.

"अर्धा मिलिमीटर. बहुतेकांना ऐकू येतं. क्वचित कोणाचा मात्र तो कान पूर्ण जातो. आधी सांगितलेलं बरं."

परत येताना बसमध्ये तो मला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसला. पण सोमवारी स्वतःच साहेबांच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला आणि म्हणाला, "कान सुधारेपर्यंत मला रोलरपासून लांब ठेवा."

येत्या बुधवारी उजव्या कानाचं ऑपरेशन आहे. तोवर तो घरी बसलाय. कारखान्यातून एकजणही आला नाही. काल मी कारखान्याच्या गेटवर गेले, तिथे दाढीवाले काका भेटले. म्हणाले, "येऊन बोलणार काय मी? त्याला ऐकू तरी येणार का?"

येतं हो! समोर बसायचं, तोंड दिसू द्यायचं, जरा मोठ्याने बोलायचं, बस. काकांवर रोलर चालू केला या विचाराने त्याला झोप नाही, आणि स्वतःहून त्यांच्या दारात जायची हिंमत नाही. कारखान्यातलं कोणीही हे वाचत असेल तर प्लीज, काकांना हाताला धरून घेऊन या. बाकीच्यांनो, तुमच्या ओळखीत कोणी ऐकू येईना म्हणून असाच गप्प गप्प होत चालला असेल तर फोन नका करू, फोनवर त्याला काही कळत नाही. जा आणि भेटा. याच आठवड्यात.