दाजींची रोजची गाडीसेवा

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, गाडीचं भारी कौतुक. सकाळी उठलं की तिला धुवायचं, काचा पुसायच्या, बॉनेट उघडून बोअरचं पाणी ओतायचं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "गाडी अशी ठेवावी लागती!" दसऱ्याला हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. ऑइल मात्र वेळेवर बदलायचे, खोटं कशाला बोलू.

हिंगोलीचा मेकॅनिक सांगून थकला होता. एकदा सगळी गाडी खोलून तपासा, पाइप जुने झालेत, बोअरच्या पाण्यानं रेडिएटरमध्ये खार बसलाय. दाजी हसायचे. "चालू गाडी काहून खोलायची? रोज पाणी बघून राहिलो ना मी!" दीडशहाणा मेला. पावडर लावून लेकराचा ताप उतरवणाऱ्यातला.

ताईच्या बाळंतपणाला मी साखऱ्याला त्यांच्याच घरी गेले होते. दुपारी कळा सुरू झाल्या. मी म्हटलं, १०८ला फोन लावते. झालं, यांचा अपमान! "दारात गाडी असताना?"

निघालो त्याच गाडीतून हिंगोलीच्या दवाखान्याला. सेनगाव मागं पडलं आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली. पाइप फुटला होता. ताई मागं माझा हात पिळून ओरडत होती, आणि या शहाण्यानं काय करावं? तिच्या प्यायच्या पाण्याची बाटली उचलली आणि इंजिनात ओतली. पाणी खालून सरळ डांबरावर. मला इतका संताप आला की तोंडात शिवीच आली.

सोयाबीनचा एक टेम्पो थांबला. देव भलं करो त्या माणसाचं, त्यानं पोती सरकवून जागा केली. ताईला वर घेतलं आणि मी हाक मारली, "दाजी, चढा लवकर!"

"तुमी व्हा पुढं. गाडी अशी रस्त्यात कशी सोडू?"

ताईनं ते ऐकलं. त्यानंतर हिंगोली येईपर्यंत ती ओरडली नाही, नुसते दात आवळून पडून राहिली. दवाखान्यात पोरगी झाली. दोघी सुखरूप.

सुट्टी झाली त्या दिवशी दाजी हजर. गाडी धुतलेली, नवा पाइप टाकलेला. ताई लेकराला छातीशी धरून बाहेर आली, गाडीच्या बाजूनं निघून गेली आणि मला म्हणाली, "जवळा बाजारची बस बघ. मायकडं जायचंय. आता तिथंच राहीन."

दाजी गाडीचं दार उघडून उभे.

"काहून?" म्हणाले. "गाडी बराबर झाली ना आता!"