लंडन, दगडी भिंत आणि आंदणाची गादी

वडिलांचा जीव वाचवण्यासाठी मी बुद्धिबळात लंडन सिस्टीम खेळायला लागलो.

हसू नका. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात माणूस गप्प झाला की घरचे डॉक्टर शोधायच्या आधी फवारणीचं औषध लपवत. सकाळचा पेपर आधी घरातल्या बाईनं चाळायचा आणि नको ते पान चुलीत घालायचं, अशी आमच्या अकोटात पद्धतच पडली होती. बाबा जिनिंगमध्ये फिटर. कापूसच येईना, तेव्हा मालकानं जिनिंगला कुलूप लावलं आणि बाबांनी तोंडाला. मी अकोल्याला जठारपेठेत खोली करून स्पर्धा परीक्षा देत होतो (म्हणजे नापास होत होतो). त्याच सुमारास मीही गाशा गुंडाळून घरी आलो.

आईनं मला चुलीपाशी बोलावलं.

"बाप तुया बोलून नाही राह्यला. त्यायले एकटं सोडू नको. बुद्धिबळ खेळ त्यायच्यासंग."

"आई, ते मले चहा निवायच्या आत हरवतात."

"मंग हर ना! पण लवकर नको हरू."

बाबा जुने खेळाडू. काळी मोहरी त्यांची, पांढरी माझी, हे मी शाळेत असल्यापासूनचं. तेव्हा पांढऱ्यानं कोणती सुरुवात केली म्हणजे जास्तीत जास्त उशिरा हरता येतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला. (या दृष्टीनं बुद्धिबळाकडे पाहणारा जगात मी पहिलाच असेन!) अकोल्याहून आणलेलं कव्हर नसलेलं एक पुस्तक होतं. त्यात 'सिस्टीम' नावाचा प्रकार होता. समोरचा काहीही खेळो, आपण रोज तीच मोहरी त्याच घरात नेऊन ठेवायची. डोकं लागत नाही, आणि पडझडही लवकर होत नाही. मला अगदी मानवण्यासारखा प्रकार!

आधी 'दगडी भिंत' करून पाहिली. मधली प्यादी एकमेकांना टेकवून भिंत उभी करायची. भक्कम दिसते, पण आपलाच एक उंट तिच्यामागे कोंडला जातो. बाबा त्या उंटाकडे कितीतरी वेळ बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघवेना, म्हणून मी मुद्दाम वजीर मारू दिला आणि डाव आटोपला.

मग 'किंग्ज इंडियन अटॅक'. यात लवकर किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात, हत्तीच्या आडोशाला बसवायचा. बाबा देशी नियमांवर वाढलेले. त्यांच्या खेळात राजा एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारतो, बाकी मैदानात उभा राहतो.

"राजा लपते का बे हत्तीमागं?" बाबा बोलले, आणि उठून आत गेले. कित्येक दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य! मला आनंद झाला, पण आईनं परसातून डोळे वटारले. बाबांनी पाटावरून उठायचं नाही, हाच तर सगळा मुद्दा होता.

उरलं लंडन. उंट आधी बाहेर काढायचा, त्याच्यामागे प्याद्यांचा तिकोन करायचा आणि स्वस्थ बसायचं. काही घडत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही! ऊन अंगणातून भिंतीवर चढायचं, तरी डाव सुरूच. बाबा गालाला हात लावून बसायचे आणि मधूनच माझ्याकडे बघायचे. मला वाटे, डाव उलगडेना म्हणून बघतात.

राहिला प्रश्न औषधाच्या बाटलीचा. आमच्या वावराच्या तुकड्यावरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फवारायला आणलेली ती. आईनं ती तुरीच्या कोठीत लपवली. मग खाण्याच्या जिनसात विष नको म्हणून मी ती माळ्यावर नेली. माळ्यावर चढायला बाबांना शिडी आहे, हे आईला दुसऱ्या दिवशी सुचलं. शेवटी ती शेजारच्या रहीमचाचांना दिली. चाचा गाद्या भरतात, बाबांचे लंगोटीयार. दुकानात माणसांची ये-जा, म्हणून त्यांनी बाटली पिंजलेल्या रुईच्या ढिगात खुपसली आणि नमाजला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा उंट नुकता बाहेर पडला होता, तेवढ्यात चाचा धापा टाकत अंगणात आले.

"भाभी, गजब झाला! चाचीनं त्या ढिगाची गादी भरून टाकली. टाके घालून रवाना बी केली!"

"कुठं?"

"हिवरखेडले. लग्नाच्या आंदणात!"

 बाबांनी घोडा उचललेला हात तसाच धरला.

"काय होतं ढिगात?"

 मग चाचांनीच सांगितलं, आणि का लपवलं तेही सांगितलं. "पोरीच्या आंदणात कवटीची बाटली नको," बाबा म्हणाले. त्यांनी घोडा जागेवर ठेवला, चपला घातल्या आणि आम्हा तिघांच्या पुढे एसटी स्टँडकडे निघाले.

हिवरखेडला मांडवात जेवणं चालली होती. चाचांनी नवरदेवाच्या आईला सांगितलं, "बाई, गादीत माई कात्री राह्यली." आणि पाहुण्यांसमोर नवीकोरी गादी उसवायला घेतली. रुई उडून वरणात पडली. शेवटी बाटली निघाली. तिच्यावरचं कवटीचं चित्र बघून नवरदेवाच्या आत्यानं जी किंकाळी फोडली, ती वाजंत्र्यांनाही ऐकू गेली!

बाबांनी शांतपणे बाटली घेतली, झाकण काढलं आणि तिथल्या तुळशीत उपडी केली.

"अवो, तुळस जयन ना!" आई ओरडली.

"पाणी हाय थे."

"पाणी?"

"औषध म्या कवाचंच बांधावर खड्डा करून गाडलं, आन बाटलीत पाणी भरून ठेवलं." बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा अकोल्याहून सामान घेऊन आला न, त्याच दिवशी. पोरगं जेवे ना, बोले ना. माया जीव थाऱ्यावर नोयता."

चाचा मांडवाच्या खांबाला टेकले. "म्हंजे आपन समदे पाण्याची राखण करून राह्यलो होतो?"

मी विचारलं, "बाबा, आन तुमी रोज खेळायले बसत होते थे?"

"तुले एकटं कसं सोडू, लेका? नाईतर थो रोजचा उंट आन थो तिकोन कोण पायते?"

मी रडलो. भर मांडवात, अंगावर रुई घेऊन रडलो. वरपक्षाला वाटलं, मुलीकडचा कोणी जवळचा आहे. त्यांनी मला आग्रहानं बुंदी वाढली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पाट मांडला आणि प्रथमच पांढरी मोहरी स्वतःकडे ओढली. उंट बाहेर काढला, मागे प्याद्यांचा तिकोन केला आणि गालाला हात लावून माझ्याकडे बघत बसले. काही घडेना. ऊन भिंतीवर चढलं, तरी काही घडेना. ज्या डावानं मी बाबांना जगवायला निघालो होतो, तो समोर बसणाऱ्याचा कंटाळ्यानंच जीव घेऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं!