कॅरॅव्हानच्या छतावरचं लिंबू

मंडळी, घाईत लिहिलंय, लिहिण्यातल्या चुका पोटात घाला.

माझा धाकटा भाऊ सतीश बोटीवरची नोकरी सोडून गोव्यात पेडण्याला परतलाय. मोरजीत पर्यटकांना भाड्याने द्यायला त्याने जुनी कॅरॅव्हान, म्हणजे झोपायची सोय असलेली गाडी घेतली. उद्या पहिले पाहुणे येणार आणि छत गळकं! म्हणून सकाळभर आम्ही दोघांनी छताच्या पत्र्याचे सांधे खरवडून त्यांत गळती थांबवणारं नवं सीलंट भरलं.

पेजेला बसतो न बसतो, तोच ठोकण्याचा आवाज. धावत गेलो, तर शिडीवर हातोडी घेऊन आमचे काका! लिंबू-मिरच्या बांधायला त्यांनी ताज्या सांध्यातच भलामोठा खिळा मारला होता.

"काका, ह्या काय केलात?" सतीश किंचाळला.

"गाडयेक दिष्ट लागता रे! मऊ जागा बघान मारलंय."

आत पाहिलं. खिळ्याचं टोक छतातून आरपार, बरोबर पाहुण्यांच्या उशीच्या वर. सतीश खिळा उपटायला चढला, तर खालून काकी कडाडली, "शनवारपर्यंत ता काढूचा नाय!"

शेवटी बिचाऱ्याने खिळा, मिरच्या, लिंबू, सगळ्यावरच सीलंट फासलं.

खरं सांगा, तुमच्याकडे दृष्ट बाहेरून येते, की घरचीच हातोडी घेऊन शिडी चढते?