खडूचा कालचा आकडा

एखाद्या माणसावर लिहावं इतकी माझी मराठी नाही. शाळा हिंदीत झाली, मराठी घरापुरतीच राहिली; कॉलेजात जाणाराही घरातला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण बॅटरीकाकांबद्दल मीच लिहायला हवं.

काका प्रत्येक सेलला आधी हाताची पाठ लावून बघत, आजारी पोराचं कपाळ बघावं तसं. स्टील प्लांटमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाल्यावर ते आमच्या जुनवानी वस्तीत घराच्या ओसरीवर ई-रिक्षाच्या बॅटऱ्या बांधत. मी शाळेच्या प्रोजेक्टसाठी गेलो आणि जातच राहिलो.

एका रिक्षावाल्यानं विचारलं, "पंधरा सेल नवे, एक जुना. चालेल ना?"

"सीरीजमधे एक म्हातारा बैल जुंपशीन, तं बाकी पंधराले त्याच्याच चालीनं चालावं लागते. तो बसला का गाडी बसली!"

"और पॅरेलल में, काका?" मी विचारलं.

"ते भावाभावाचं घर, बाप्पा. ज्याच्यापाशी जास्त हाय, तो कमीवाल्याले देते. पण फरक लय असन तं देणं नाय, मारामारी होते."

म्हणून पॅरेललमध्ये जोडण्याआधी ते प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजून त्याच्या अंगावर खडूनं लिहीत. कालचा आकडा मात्र त्यांना चालत नसे. जोडताना पुन्हा मोजायचं.

एकदा ते सिविक सेंटरच्या बाजारात गेले होते. काम पुढं सरकेल म्हणून मी खडूचे सारखे आकडे पाहून दोन सेल तारेनं जोडले. त्यातला एक काकांनी सकाळीच तपासणीसाठी रिकामा केला होता; अंगावरचा आकडा कालचाच होता. तार लाल झाली, प्लॅस्टिक जळू लागलं. तेवढ्यात काका दारात आले. मला बाजूला ढकलून त्यांनी ती तार उघड्या हातानं उपटली.

काकू धावत आल्या. "कावून जळला हो हात?"

"माझ्याच हातून झालं. मोजलं नाय," काका म्हणाले. मी पाणी आणायला धावलो.

जखम भरली, पण दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. सोल्डरिंगचं आयर्न हातातून निसटे. बॅटऱ्या बांधणं बंद झालं. मी शिकायला रायपूरला गेलो. दर सुट्टीत काकूंना खरं सांगायचं ठरवून जाई आणि चहा पिऊन परत येई.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला, काका गेले. मी गेलो आणि काकूंना अखेर सगळं सांगितलं.

"मले माहीत हाय, बाबू," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. म्हणे, पोरगा सोताहून सांगन, तू विचारू नको. तू चहा पिऊन गेला का ते दरवेळी मले पुसत, 'बोलला का?'"