साळूबाईचं उभं राहणं

आमच्या गल्लीत भांडण म्हटलं की पहिलं नाव माझंच निघायचं, आणि निघायलाच पाहिजे. विठाबाईच्या तोंडी लागू नको गं बाई, असं सासवा नव्या सुनांना सांगायच्या. मालक गेले, मूलबाळ नाही, घरात बोलायला भिंती. दिवसभर जे साठायचं ते मी नळावर रिकामं करायची. आणि देवानं माझ्या शेजारच्या खोलीत आणून ठेवली कोण, तर साळूबाई! जिला नुसतं "सरक" म्हटलं तरी रडू यायचं.

चौऱ्याण्णवच्या सुमाराला ती सातपूरला आली. पेठकडच्या एका पाड्यावरची. नवरा केरू इगतपुरीकडं भाताच्या गिरणीवर कामाला गेला, तो तिथंच दुसरीबरोबर राहिला. पोरगी हर्षाली लहान होती, तिला आजीपाशी पाड्यावर ठेवली आणि ही बाई एक पातेलं नि एक गोधडी घेऊन कामाच्या शोधात इकडं आली.

नळावर कुणीही तिचा हंडा बाजूला सारायचं आणि आपला लावायचं. कुणी आवाज चढवला की हिचा खालचा ओठ हलायला लागायचा, मान खाली, आणि तोंडातून "हो, हो." कशाला हो, ते तिलाही कळायचं नाही. मला बघवेना. म्हटलं, तुला शिव्या शिकवते. दारात बसवली आणि म्हणाले, "म्हण, मेल्या!" ती म्हणाली, "मेल्या." असं म्हणाली, जसं काही त्याला जेवायला हाक मारतेय. मी डोक्याला हात लावला.

मी एका छोट्या वर्कशॉपात पॅकिंगला होते, तिथंच तिला चिकटवून दिली. पत्रा कापायच्या प्रेस होत्या तिथं ओळीनं. प्रेसखाली पडलेलं स्क्रॅप गोळा करायचं आणि जागा झाडायची, हे तिचं काम. आवाज असा की कानात रात्रीपर्यंत तेच धडधडायचं. आमचा सुपरवायझर यादवभाऊ, त्यानं पहिल्याच दिवशी तिला प्रेसजवळ नेऊन सांगितलं, "हे बघ मावशी, प्रेसवरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही. हाक मारायची नाही. दचकला तर त्याचं बोट जाईल. समोर जायचं, त्याला दिसेल असं उभं राहायचं, आणि तो पॅडलवरचा पाय काढेपर्यंत हलायचं नाही. पाय काढला तरी घाई नाही. मोठं चाक फिरतच असतं. ते थांबल्याशिवाय खाली हात घालायचा नाही."

आम्ही सगळ्या हे ऐकून होतो, पण आमच्यानं कुठलं होतंय? पाच मिनिटं उभं राहिलं की पाय शिवशिवायचे, मग हातवारे, मग खाकरणं. साळू मात्र उभी राहिली की राहायची. हातात टोपली, पाय जमिनीला, नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर. रागाची नाही, लाचारीचीही नाही. समोरचा आपोआप थांबायचा.

झुंबर म्हणून एक प्रेसवाला होता, अंगानं आडवा आणि जिभेनं तिखट. रोज जेवण झालं की आपला उष्टा डबा साळूच्या पुढ्यात सरकवायचा, "घासून आण." ती आणायची. एक दिवस मी पॅकिंगच्या टेबलावरून बघतेय, त्यानं डबा सरकवला आणि हिनं हात पुढं केलाच नाही. बोलली नाही. जशी प्रेसपुढं उभी राहते तशी उभी राहिली, बस्स. झुंबर म्हणाला, "ऐकू येत नाही का?" तो हसला, इकडंतिकडं बघितलं, परत तिच्याकडं बघितलं. शेवटी डबा उचलला आणि स्वतः नळावर गेला. मी तर टाळ्याच वाजवणार होते.

संध्याकाळी पायी घरी येताना मी विचारलं, "काय गं, आज काय अंगात आलं होतं?"

"काय नाय आक्का. रोज तो बोलला का आत चाक फिराया लागायचं. त्यातच मी हो म्हणायची. आज म्हटलं, थांबू दे आधी. थांबलं, तर हो म्हणायचं कारणच दिसंना."

त्यानंतर तिनं त्या थांबण्याची सवयच लावून घेतली. उजाडायच्या आधी दारात बसायची. हातात काम नाही, जप नाही, काही नाही. नुसती बसायची. मला तर ते बघून कसंतरी व्हायचं. अगं माणसानं निदान लसूण तरी सोलावा! नळावर कुणी हंडा सारायला आलं की तोटीवर हात ठेवून उभी राहायची, आणि आलेली बाई आपली मागं जायची. माझ्या शिव्यांनी जे झालं नाही ते हिच्या गप्प राहण्यानं झालं. मला थोडं लागलंच ते, खोटं कशाला बोलू.

पण एक झालं. तिच्याशी कुणी भांडेना, तसं कुणी हसेनाही. बाया हळदीकुंकवाला बोलावायच्या, ही कोपऱ्यात बसायची, वाण घेऊन परत यायची. सणाला पाड्यावर जायची तर पोरगी आजीच्या पदराआड. "हर्षाली, ये ना," म्हणायची, आणि पोरगी पाहुणीकडं बघावं तशी बघायची. परत आली की दोन दिवस साळूच्या खोलीतून भांड्याचाही आवाज यायचा नाही. मी भिंतीवर थाप मारायची, "हायेस का?" पलीकडून थाप यायची. तेवढंच आमचं बोलणं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात हर्षालीचं जमलं. सुरगाण्याकडचा संतोष नावाचा मुलगा, शांत, कामाचा. साळूनं मला पेढा दिला आणि पेढा माझ्या हातात ठेवता ठेवता तिचा ओठ हलायला लागला, जुन्यासारखा. म्हटलं, आता काय झालं?

तेव्हा मला त्यांच्यातली रीत कळली. त्यांच्याकडं ऐपत नसली तर बाई आणि पुरुष तसेच संसाराला लागतात, लग्न मागाहून करतात. कुणी नावं ठेवत नाही. पण ते लग्न डोक्यावर राहतं. आईबापाला हळद लागल्याशिवाय लेकराला हळद लावता येत नाही. मग पोरांच्या लग्नाआधी त्याच मांडवात आईबापाचं उरकतात. साळूचं आणि केरूचं राहूनच गेलेलं. आणि केरूला तीनदा निरोप धाडला, तीनदा तो "येतो" म्हणाला आणि आला नाही.

साळूच्या भावानं तोड काढली. मुलीला आपण मामा-मामीनं पुढं बसून उजवू, साळूनं मांडवाबाहेर थांबायचं. सगळ्यांना पटलं. आजीलाही पटलं. साळूलाच तेवढं पटलं नाही.

"पोरीला मी दुरूनच वाढवली आक्का," ती म्हणाली. "आता हळदपण दुरूनच बघू?"

मी पदर खोचला. "चल. बघतेच मी त्या केरूला."

एसटीनं इगतपुरीकडं गेलो, तिथून चालत गिरणीवर. आत तुसाची धूळ, पट्टे फिरतायत, कानाचे पडदे फाटतील असा गोंगाट. केरू शिडीवर उभा राहून वर भात ओतत होता. केस पिकलेले, अंगावर सगळा कोंडा. त्यानं आम्हाला बघितलं आणि लगेच पाठ फिरवली. मग मी सुरू झाले. त्याच्या सात पिढ्या काढल्या मी! पण माझेच शब्द मला ऐकू येईनात, त्याला काय जाणार. एवढी वर्षं कमावलेलं तोंड, आणि तिथं त्याची किंमत शून्य.

साळूनं माझ्या दंडाला हात लावला. मी गप्प झाले. ती शिडीला वळसा घालून समोर गेली, त्याला दिसेल अशी, आणि उभी राहिली.

तो पोतं उचलायचा, ओतायचा, खाली बघायचा, परत पोतं उचलायचा. ती तिथंच. डोक्यावर, पापण्यांवर तूस बसायला लागलं, पुसलंही नाही तिनं. बाकीचे गडी काम सोडून बघायला लागले. पोती संपली. गिरणी रिकामी खडखडायला लागली, तरी हा शिडीवरच. शेवटी उतरला आणि त्यानंच बटण बंद केलं. पट्टे हळूहळू थांबले. ती तेही पुरतं थांबेपर्यंत थांबली.

मग एवढ्याशा आवाजात म्हणाली, पण कोपऱ्यातल्या गड्यालाही ऐकू गेलं, "हर्षालीची हळद हाय. आधी आपली लागते. येत्या सोमवारी ये."

"बघू," केरू म्हणाला.

"बघू नको. ये."

"आणि मग?"

"मग तू मोकळा."

तो आला. सोमवारी सकाळीच, धुतलेला सदरा घालून, एकटाच. जाणत्या बायांनी दोघांना शेजारी बसवून हळद लावली. चाळिशीच्या पुढची साळू, गालांना हळद, आणि गाणाऱ्या बायांनी केरूच्या पांढऱ्या केसांवरून काहीतरी म्हटलं तर ही फिस्सकन हसली! शपथ घेऊन सांगते, एवढ्या वर्षांत तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. मग हर्षालीला बसवली. साळूनं स्वतःच्या हातानं तिला हळद लावली, कपाळापासून पावलांपर्यंत, सावकाश, एक बोटही सोडलं नाही. पोरगी म्हणाली, "आई, गुदगुल्या होतात." मी मांडवाच्या मेढीआड जाऊन नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी वरात गेली आणि मांडवात घरचीच माणसं उरली. केरू उठला, सगळ्यांपुढं म्हणाला, "आता रीतीनं नवराबायको झालो. मी येतो सातपूरला. तुझ्यासंगंच राहीन."

म्हातारे खूश झाले. भाऊ म्हणाला, देवानं ऐकलं. आजीनं हात जोडले. सगळे साळूकडं बघायला लागले, आणि मीही, कारण मला वाटलं, हो म्हणणार. आणि खरं सांगू, मला ते नको होतं. तो आला तर भिंतीवर थाप कोण मारणार?

साळू उभी राहिली. मग म्हणाली, "नाय. पोरीसाठी बोलावला होता. तिकडं ती बाई वाट बघत असंल. जा तू."

मग काय, एकच गिल्ला! भाऊ ओरडला, म्हातारी रडायला लागली, अशी कशी बाई म्हणाले. ती हलली नाही, आवाज चढवला नाही, दुसरं कारणही दिलं नाही. केरूनं पिशवी उचलली आणि जीप धरायला रस्त्याकडं गेला.

आम्ही सातपूरला परतलो. संध्याकाळी ती आपल्या उंबऱ्यावर बसली होती, नखं अजून पिवळी. मी चहा घेऊन गेले आणि गेल्या गेल्या सुरू केलं, "शाब्बास गं! असाच पाहिजे. दहा वर्षं दुसरीकडं राहायचं आणि आता म्हणे येतो!"

तिनं कप खाली ठेवला.

"दहा वर्षं मी तेच ऐकायची वाट बघत हुते, आक्का. येतो म्हणाला आणि आत चाक असं फिराया लागलं, कधी फिरलं नव्हतं असं."

"मग नाही कशाला म्हणालीस गं, बये?"

"फिरत असताना हात घालायचा नाय ना. थांबलं का मग बघू म्हटलं."

"मग? थांबलं का नाही?"

"थांबलं ना," ती म्हणाली. "तवर जीप गेली हुती."

नळाला पाणी आलं, बाया हंडे घेऊन पळाल्या, कुणीतरी मला हाकही मारली. मी उठले नाही. तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकले आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.