वास येतो, असं तोंडावर सांगणारी मावशी

आमच्या घरात मासे कधी शिजले नाहीत. आईला मासळीचा वास सहन होत नसे. तरीही सातवीत असताना बाकावरच्या मैत्रिणीने मला विचारलं, "तुमच्याकडे रोज मासे असतात का गं?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर बसायला गेली आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच राहिली.

आम्ही तेव्हा संत तुकाराम नगरमध्ये राहत होतो. वडील पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर, आई घरी शिवणकाम करायची. मला स्वतःला माझ्या अंगाचा तसला वास कधीच यायचा नाही, ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. समोरचा माणूस रुमाल नाकाशी न्यायचा आणि मी चोरून स्वतःचा हात हुंगून बघायची. हाताला साबणाचा वास. आईला मात्र येत असणार. ती त्याबद्दल कधीच बोलली नाही. दर रविवारी मोरीत उभं करून डाळीचं पीठ, हळद आणि कडुनिंबाचा पाला लावून मला घासायची. पाठ लाल व्हायची. घासता घासता ती ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांच्या नकला करायची आणि मी हसून हसून पाण्यात बसकण मारायची. आज कुणाला विचित्र वाटेल, पण ते रविवार मला अजून हवेसे वाटतात.

शिवाय ती मला रोज दोन उकडलेली अंडी द्यायची. मी काटकुळी होते. अशक्तपणामुळेच अंगाला असं होत असेल, हा तिचा तर्क असावा. वडिलांना एक, मला दोन.

डिप्लोमा झाल्यावर चाकणला नोकरी लागली. गाड्यांच्या वायरिंगची जुडगी बांधायची लाइन होती. कंपनीची बस मोशीला हमखास अडकायची, उभ्या बायकांचे पाय भरून यायचे, तरी माझ्या शेजारी कुणी बसत नसे. वाईट कुणी बोलत नव्हतं. एकदा माझ्या लॉकरवर साबणाची कोरी वडी ठेवलेली सापडली. एकदा सुपरवायझर बराच वेळ अवघडून म्हणाला, "मॅडम, जरा स्वच्छतेकडे लक्ष द्या." मी तेव्हा दिवसातून तीनदा आंघोळ करत होते. त्या दिवसापासून मी कॅन्टीन सोडलं आणि डबा स्टोअरच्या मागच्या पायरीवर खायला लागले.

तिथे मावशी भेटली. पॅकिंगला होती. चाकणजवळच्या खेड्यातली, पन्नाशीची, घरी थोडा कांदा आणि दोन म्हशी. एका दुपारी ती सरळ येऊन माझ्या शेजारी बसली आणि डबा सोडला.

"हितं का बसतीस?"

"आत गर्दी असते."

"न्हाई. वास येतो म्हणून बसतीस."

इतक्या वर्षांत हे माझ्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. मी डब्याचं झाकण लावायला लागले, तर तिने माझं मनगट धरलं.

"जेव आदी. मी म्हशींचं शेण काढून येते रोज. मला कशाचं काय?" तिने माझ्या बाह्यांवरून, कॉलरवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "कापडं लख्ख हायेत तुजी. म्हंजी हे वरचं न्हाई, आतलं हाय. दवाखान्यात दावलंस का?"

"काय सांगू डॉक्टरांना?"

"मी म्हणाले त्येच सांग. लाजायचं काय त्यात?"

पुढची काही वर्षं आम्ही त्या पायरीवर एकत्र जेवलो. तिची बाजरीची भाकरी, कांद्याची पात आणि हिरवा ठेचा; माझी पोळी-भाजी. समोर ट्रक मागे-पुढे होत असायचे आणि मावशी मला सुनेच्या, म्हशींच्या आणि गावच्या यात्रेच्या गोष्टी सांगायची. नोकरीतले ते अर्धे-अर्धे तास मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आठवतात.

पहिल्या डॉक्टरांनी पावडर लिहून दिली. दुसरे म्हणाले, हा मनाचा खेळ आहे. मी तिथेच थांबणार होते, पण सुट्टीच्या दिवशी मावशी एसटीने पिंपरीला आली आणि मला घेऊन तिसऱ्या दवाखान्यात गेली. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी आधी खाण्यापिण्याची चौकशी केली, मग लघवीची तपासणी लिहून दिली. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला. उत्तर यायला बरेच आठवडे गेले.

आजाराचं नाव लांबलचक होतं, ट्रायमिथायलअमिन्युरिया. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. अंडी, मासे, काळीज, काही कडधान्यं पचताना पोटात माशासारख्या वासाचं एक द्रव्य तयार होतं. बाकीच्यांचं यकृत त्याचा वास मारतं, माझं यकृत ते करू शकत नाही. मग ते घामातून, श्वासातून बाहेर पडतं. पाळीच्या दिवसांत जास्त. हे जन्मापासूनचं आहे, दुर्मिळ आहे, कुणाला लागत नाही आणि स्वच्छतेशी त्याचा काही संबंध नाही. मुळापासून बरं होत नाही, पण खाणं बदललं आणि ठरावीक साबण वापरला तर कमी होतं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मशीनवर बसली होती. अंड्यांचं ऐकल्यावर तिचा पाय थांबला.

"म्हणजे मीच तुला..."

"तुला काय माहीत होतं? डॉक्टरांनाही माहीत नव्हतं."

तिने हातातलं कापड बाजूला सारलं. उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला आतून कागद चिकटवलेला होता, तिच्या अक्षरात: काय चालेल, काय नाही. त्यानंतर दुधी आणि दोडक्याचे तिने इतके प्रकार केले की वडील कंटाळले, पण ताट रिकामं करत राहिले.

दोन-तीन महिन्यांत फरक पडला. पुढे कंपनीत आरोग्य सप्ताह आला तेव्हा मावशी मागे लागली. "तू बोल. तुज्यासारकं अजून कोन तरी तोंड लपवून बसलं असंल."

मी कॅन्टीनमध्ये माइक हातात घेतला. म्हणाले, "माझ्या अंगाला वास येतो. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. का येतो, ते आज सांगते." दहा मिनिटं बोलले. सुपरवायझर मान खाली घालून ऐकत होता. नंतर तो जवळ आला, "मला ठाऊक नव्हतं" एवढंच म्हणाला, आणि गेला.

मेंटेनन्सचे एक भाऊ मात्र रेंगाळत राहिले. त्यांच्या मुलीने तोंडाला वास येतो या भीतीने कॉलेज सोडलं होतं. मी राजगुरुनगरला त्यांच्या घरी गेले. मुलगी उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, तोंडावर ओढणी घेऊन बसली होती. मी तिला माझं सगळं सांगितलं, डॉक्टर बाईंकडे नेलं. तिचा आजार वेगळा निघाला. सायनसमध्ये जुना पू साठला होता. उपचार झाले आणि ती पूर्ण बरी झाली. पुन्हा कॉलेजला जायला लागली.

तिचे वडील पेढे घेऊन आले तेव्हा मी हसून घेतले, पण पायरीवर मावशीजवळ बसल्यावर मला रडू आलं.

"मला आनंद व्हायला पाहिजे ना? मला तिचा हेवा वाटतोय."

"वाटंल की," मावशी म्हणाली. "वाटू दे दोन दिस."

तेवढेच दिवस वाटला. आता मावशी निवृत्त होऊन गावी आहे. मी अजून त्याच लाइनवर आहे, आता नव्या मुलींना शिकवते. पहिल्याच दिवशी त्यांना माझ्या आजाराबद्दल सांगून टाकते. काही जणी बिचकतात, काही भरपूर प्रश्न विचारतात. परवा एकीने विचारलं, "ताई, मग तुम्ही वाढदिवसाला केक खाता की नाही?" मी म्हटलं, बिनअंड्याचा असेल तर दोन तुकडे.